कुलूप, किल्ली आणि हिरवा लॅपटॉप

कोकणी माणूस जगात कुठेही असो, गणपतीला घरी येतोच. अस्मादिकही त्याला अपवाद नाहीत. २०१५ च्या गणपतीत असाच रात्रभर गाडीत अवघडून रत्नागिरीला पोचलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत चहा पिताना अण्णा (म्हणजे आमचे तीर्थरूप, गावच्या हायस्कूलमधून रिटायर झालेले मास्तर) म्हणाले, "तू ते कॉम्प्युटरचं करतोस ना? मग जरा शाळेत येऊन बघ. बाई रोज संध्याकाळी एसटीने रत्नागिरीत जातात, सायबरमध्ये बसून मुलांची माहिती भरतात आणि शेवटच्या गाडीने परत येतात. शाळेत दहा कॉम्प्युटर पडलेत आणि ही तऱ्हा!"

त्या वर्षी राज्यात 'सरल' प्रणाली नुकतीच सुरू झाली होती. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरायची होती. म्हटलं, चला बघू. तसाही मोदक पचवायला काहीतरी काम हवंच होतं. :-)

हेडसरांनी खोली उघडली. पहिला आला तो बुरशीचा वास. भिंतीला लागून दहा मशीन्स, सगळ्यांवर प्लॅस्टिकची आवरणं, आवरणांवर सरकारी योजनेचे स्टिकर. दहातली सात चालू झाली. सातही मशीन्स विंडोज एक्सपीच्या ओळखीच्या निळ्या पडद्यावर येऊन थांबली आणि पासवर्ड मागू लागली.

"सर, पासवर्ड?"

"तो त्या कंपनीच्या मुलाकडे असायचा. करार संपला, तो गेला."

"कधी?"

"झाली की तीन वर्षं."

आता तुमच्यापैकी अर्धे जण मनात म्हणत असतील, एक्सपीचा पासवर्ड उडवायला कितीसा वेळ लागतो! खरं आहे, ते उद्योग कॉलेजात सगळ्यांनीच केलेत. पण मूळ सीडी कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. मशीनवरचा लायसन्सचा स्टिकर कोकणच्या हवेने पुसून गेला होता. आणि मायक्रोसॉफ्टने एक्सपीला ८ एप्रिल २०१४ लाच शेवटचा नमस्कार केला होता. आत शिरून तरी करणार काय? शेवटी पेन ड्राइव्हवर लुबुंटू (उबुंटूचा हलका भाऊ) टाकून आणला आणि एकेका मशीनवर चढवला. संध्याकाळच्या आरतीपर्यंत चार मशीन्सवर ताजा फायरफॉक्स आणि नीट उमटणारं मराठी चालू झालं होतं.

अण्णा बाजूला खुर्ची टाकून सगळं बघत होते.

"हे फुकट असतं?"

"हो."

"आणि कोणालाही उघडून बदलता येतं?"

"हो. परवानगी लागत नाही."

"मग सरकारने आधीच हेच का नाही दिलं रे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मायक्रोसॉफ्टला दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. (कॉलेजात असतो तर घातल्याच असत्या.) पण प्रश्न मास्तरांचा होता आणि मास्तरांना गुळमुळीत उत्तर चालत नाही. त्यानंतर जमेल तेव्हा, जमेल तसं वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज लिहितोय.

*

गोष्ट सुरू होते २००५ साली. एमआयटीच्या मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपाँटे यांनी त्या वर्षी जानेवारीत दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. योजनेचं नाव 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', थोडक्यात ओएलपीसी. नोव्हेंबरमध्ये ट्युनिसच्या जागतिक परिषदेत कोफी अन्नान यांच्या हस्ते पहिला नमुना जगाला दाखवण्यात आला. हिरवागार, खेळण्यासारखा, बाजूला वीज तयार करायला फिरवायचं पिवळं हँडल. ते हँडल दाखवता दाखवताच निखळून हातात आलं! पुढे विक्रीला आलेल्या यंत्रावर हँडल नव्हतंच.

यंत्र आत काय घेऊन येणार, हा प्रश्न तेव्हाच निघाला. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनी आपली मॅक ओएस एक्स फुकट देऊ केली. ओएलपीसीवाल्यांनी नम्रपणे नको म्हटलं. फुकट असली तरी ती पूर्णपणे खुली नव्हती आणि मुलांना आतलं उघडून बघता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. या आग्रहामागे सीमूर पॅपर्ट नावाचा माणूस होता. 'लोगो' भाषेतलं ते कासव आठवतंय? त्याच कासवाचे हे एक जनक. मूल संगणक वापरून शिकतं यापेक्षा संगणकाला शिकवताना शिकतं, असं त्यांचं मत. मग ज्याला शिकवायचं तो बंद पेटीत कसा असून चालेल?

त्यातून तयार झाला एक्सओ लॅपटॉप. ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड, २५६ एमबी मेमरी, १ जीबी फ्लॅश. उन्हातही वाचता येईल असा पडदा. आत रेड हॅटच्या फेडोरावर बेतलेलं लिनक्स आणि त्यावर 'शुगर' नावाचा मुलांसाठी केलेला पर्यावरण-पडदा, बहुतांश पायथनमध्ये लिहिलेला. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे कळफलकावर चक्क 'स्रोत दाखवा' यासाठी एक खूण होती. चालू असलेला प्रोग्रॅम कसा लिहिलाय हे एका कळीत बघायची सोय! आपल्याला ब्राउजरमधला 'व्ह्यू सोर्स' सापडायला कॉलेजपर्यंत थांबावं लागलं होतं.

भारताने मात्र पाठ फिरवली. २००६ च्या जुलैमध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना नाकारली. शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांचं म्हणणं साधारण असं होतं की या यंत्राचा शैक्षणिक उपयोग सिद्ध झालेला नाही आणि देशाला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत. आमच्यासारख्या उत्साही मंडळींनी तेव्हा 'बघा, सरकारी बाबू!' म्हणून नाकं मुरडली होती. आज वाचताना वाटतं, बाबूंच्या म्हणण्यात तथ्य होतं. पूर्ण नाही, पण बरंच.

*

केंद्राने नाही म्हटलं तरी एक्सओ भारतात आलाच. तोही आपल्या कोकणात. हे मला २०१५ पर्यंत ठाऊक नव्हतं याची अजून लाज वाटते.

रत्नागिरीहून रेल्वेने मुंबईकडे निघालात की पनवेल लागतं. तिथून कर्जत काही फार लांब नाही. रायगड जिल्ह्यातल्या त्या कर्जत परिसरात खैराट नावाचं एक छोटं गाव आहे. २००७ च्या उत्तरार्धात तिथल्या प्राथमिक शाळेत ओएलपीसीचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. पहिली ते चौथीची जेमतेम वीस-बावीस मुलं, एक खोली, एक शिक्षक. आपल्याकडे वाडीवस्तीवर अशा शाळा ढिगाने आहेत. एक मास्तर चारही इयत्ता एका खोलीत बसवतो, पहिलीला पाटीवर गिरवायला देतो आणि तेवढ्यात चौथीची गणितं तपासतो. प्रत्येक मुलाला आपापला हिरवा लॅपटॉप मिळाला. रिलायन्सच्या कंपनीने या कामाला हात दिला. पुढे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. आणि त्यांच्या गटातले संशोधक यात उतरले. नागार्जुन हे भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतलं जुनं नाव.

त्या काळच्या बातम्यांमधून मुलांचा उत्साह अगदी ओसंडून वाहताना दिसतो. तो खराच असणार. चौथीतल्या पोराच्या हातात कॅमेरा असलेलं, आवाज रेकॉर्ड करणारं, बाजूच्या मित्राच्या यंत्राशी आपोआप बोलणारं यंत्र आलं तर ते काय शाळा बुडवेल? पण त्या सगळ्या वर्णनांत मला पुन्हा पुन्हा दिसत राहिला तो तिथला एकटा शिक्षक. नवीन यंत्र त्याने आधी स्वतः शिकायचं, मग चार इयत्तांच्या मुलांना शिकवायचं, पाठ्यपुस्तकाशी त्याची सांगड घालायची आणि बिघडलं तर निस्तरायचं. स्रोत दाखवणारी कळ मुलाने दाबली आणि पडद्यावर पायथन आलं, तर पुढचा प्रश्न त्या शिक्षकालाच विचारला जाणार होता. "गुरुजी, हे काय?"

खैराटचा प्रयोग राज्यभर पसरला नाही. हा धागा जरा लक्षात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

*

खैराटमध्ये मुलं शुगरवर चित्रं काढत होती त्याच सुमारास बाहेर खरी लढाई जुंपली होती. एप्रिल २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या सरकारांना विंडोज एक्सपीची छोटी आवृत्ती आणि ऑफिस मिळून फक्त तीन डॉलरना देऊ. तीन डॉलर! म्हणजे त्या वेळचे सव्वाशेच्या आसपास रुपये. 'लिनक्स स्वस्त म्हणून घ्या' असं सांगत फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांची हवाच गेली.

त्याच वर्षी नायजेरियात १७,००० शाळकरी लॅपटॉपवर (हे इंटेलचे 'क्लासमेट') मँड्रिव्हा लिनक्स घ्यायचं ठरलं. मग कळलं की पैसे मँड्रिव्हाला मिळतील, पण यंत्रं पोचली की त्यावरचं लिनक्स काढून विंडोज टाकलं जाईल. मँड्रिव्हाचे प्रमुख फ्रान्स्वा बान्सियों यांनी चिडून थेट स्टीव्ह बामरना जाहीर पत्र लिहिलं. मोठा गहजब झाला आणि पैसे पुरवणाऱ्या नायजेरियन सरकारी संस्थेने लिनक्सच ठेवणार असं सांगितलं.

मे २००८ मध्ये तर ओएलपीसी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून जाहीर केलं की एक्सओवर विंडोज एक्सपीसुद्धा मिळेल. गंमत म्हणजे यंत्रातल्या १ जीबीत एक्सपी मावत नव्हता, त्यासाठी वेगळं कार्ड खोचावं लागणार होतं. निग्रोपाँटे यांचं म्हणणं, मुलांच्या हातात यंत्र पोचणं महत्त्वाचं, आत काय आहे यावरून सरकारं अडून बसली तर दोन्ही देऊ. सॉफ्टवेअरची बाजू सांभाळणारे वॉल्टर बेंडर त्याच्या महिनाभर आधीच बाहेर पडले होते. त्यांनी 'शुगर लॅब्ज' नावाची वेगळी संस्था काढली आणि शुगर जिवंत ठेवलं.

आता इथे आपल्या बाजूचंही झाकलेलं सांगायला हवं. 'संपूर्ण खुला' म्हणून मिरवलेल्या एक्सओच्या वायरलेस चिपमध्ये मार्व्हेल कंपनीचं बंद फर्मवेअर होतं. त्यावरून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनीच बरीच आदळआपट केली. दुसरं म्हणजे चोरी होऊ नये म्हणून यंत्राला कुलूप होतं. त्यावर आपली स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची तर 'डेव्हलपर की' मागवून घ्यावी लागे. फुकट मिळे, पण मागावी लागे. म्हणजे लायसन्स खुलं, कोड खुला, आणि दाराला तरीही कुलूप. कर्जतजवळच्या एका मास्तरने ती किल्ली अमेरिकेतून कशी मागवायची, याचा विचार किती जणांनी केला असेल?

इव्हान क्रस्टिच या हुशार पोराने एक्सओची सुरक्षा रचली होती. तोही २००८ मध्ये बाहेर पडला आणि त्याने एक झणझणीत लेख लिहिला. त्याचा मुद्दा मला फार पटला. विंडोज की लिनक्स यावर रणं पेटली होती आणि हजारो यंत्रं देशादेशांत पोचल्यावर ती वाटणार कोण, दुरुस्त करणार कोण, शिक्षकांना शिकवणार कोण, याची तयारी संस्थेकडे जवळपास नव्हतीच.

*

"मग फरक काय पडतो? काहीही टाका!" असं कोणी म्हणेल. थांबा. फरक पडतो आणि मराठी माणसाला तर दुप्पट पडतो.

रत्नागिरीत दर्या आहे आणि दऱ्याही आहेत. हे दोन शब्द परत वाचा. पहिल्यात र वर रफार होऊन बसलाय, दुसऱ्यात तो आडवा होऊन य ला चिकटलाय. आचार्यांना बोलावलं की विद्वान येतात, आचाऱ्यांना बोलावलं की जिलबी येते. हिंदीला या आडव्या अर्ध्या र ची गरजच पडत नाही. त्यामुळे देवनागरीची सोय करताना हा र सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी धड उमटत नसे. तसा तो छोटासा अक्षरदोष, पण 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'कोऱ्या' हे शब्द ज्या यंत्राला लिहिता येत नाहीत ते मराठी शाळेत कशाला ठेवायचं?

हे नीट कसं झालं? रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले. मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, 'श्रीलिपी'वाले ते. पुढे ज्याला चूक दिसली त्याने ती नोंदवली, ज्याला येत होतं त्याने दुरुस्त केली. ग्नोम आणि केडीई या पडद्यांवरचे शब्द मराठीत आणायचं काम काही पगारी आणि बऱ्याच बिनपगारी लोकांनी शनिवार-रविवारी बसून केलं. कंपनीला मराठीतून किती पैसा मिळेल हे गणित त्यात कोणी मांडलं नाही.

मायक्रोसॉफ्टवर अन्याय नको. विंडोज २००० पासून 'मंगल' फाँट आणि युनिकोडची सोय तिथेही होती आणि पुष्कळ लोकांनी पहिलं युनिकोड मराठी त्याच मंगलमध्ये वाचलं. पण तिथे काही चुकलं तर आपण फक्त वाट बघू शकतो. शाळेत तर त्याहून वाईट अवस्था होती. जुनी पत्रकं, प्रश्नपत्रिका, गुणपत्रकं कुठल्या ना कुठल्या विकतच्या फाँटमध्ये टाइप केलेली. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसती अगम्य चिन्हांची रांगोळी. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घरात आहेत आणि वाचता येत नाहीत! अण्णांच्या कपाटात अशा फ्लॉप्या अजून आहेत.

*

आता अण्णांच्या प्रश्नाकडे. सरकारने आधीच हेच का नाही दिलं?

पहिलं कारण साधं आहे. पालकांना विंडोज हवं होतं. त्या काळात नोकरीच्या बाजारात संगणक येतो याचा अर्थ वर्ड आणि एक्सेल येतं असा होता. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र राज्यात घराघरात पोचलं होतं आणि सरकारी नोकरीलाही लागत होतं. गावातल्या बापाला 'तुमच्या मुलाला मुक्तस्रोत प्रणाली शिकवतो' म्हटलं तर तो दुसऱ्या शाळेत नाव घालेल. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसरं कारण कराराचं. केंद्राची 'आयसीटी ॲट स्कूल्स' ही योजना २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. अनेक राज्यांनी ती 'बूट' पद्धतीने राबवली. म्हणजे ठेकेदाराने प्रयोगशाळा उभारायची, काही वर्षं (बहुधा पाच) आपल्या मालकीची ठेवून चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची. शिकवणारा माणूसही ठेकेदाराचाच. कागदावर उत्तम. पण पाच वर्षांनी शाळेच्या ताब्यात यायच्या ती जुनी झालेली यंत्रं, आणि ज्याला ती येत होती तो माणूस निघून गेलेला. राज्यात अशा आयसीटी शिक्षकांनी नोकरीसाठी आंदोलनं केली ती याच कारणाने. या व्यवस्थेत आत विंडोज असतं की लिनक्स, सहाव्या वर्षी खोलीला कुलूप ठरलेलंच.

हा मुद्दा मला स्वतःला पटवून घ्यायला वेळ लागला. कारण तो माझ्या लाडक्या बाजूच्याही विरुद्ध जातो. पेरूमध्ये आठ लाखांहून जास्त एक्सओ वाटले गेले. बहुतेक सगळे लिनक्सवाले, खुले. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत काही सुधारणा आढळली नाही. खुलेपणा होता, पण खोलून दाखवणारं कोणी नव्हतं.

उलट उरुग्वे बघा. छोटा देश, तिथेही तेच हिरवे यंत्र. २००७ मध्ये एका गावापासून सुरुवात करून २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला त्यांनी लॅपटॉप दिला. यंत्रं मोडायला लागल्यावर दुरुस्तीची व्यवस्था उभी केली, स्वयंसेवक एकत्र आले, आणि काही वर्षांनी तिथली शाळकरी पोरंच शुगरसाठी प्रोग्रॅम लिहून पाठवू लागली. पॅपर्ट बुवांचं स्वप्न कुठे खरं झालं असेल तर तिथे. आणि ते बंद पेटीवर झालंच नसतं.

पण इतक्या लांब जायची गरजच नाही. कोकण रेल्वे मंगळुरूच्या पुढे जिथे जोडली जाते त्या केरळात जा. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने काही वर्षांतच सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. पण त्यांनी खरी हुशारी केली ती शिक्षकांच्या बाबतीत. ठेकेदाराचा माणूस बसवण्याऐवजी शाळेत आधीपासून असलेल्या गणिताच्या, विज्ञानाच्या, मल्याळमच्या शिक्षकांना शिकवलं आणि प्रत्येक शाळेत त्यांच्यातल्याच एकाला संगणकाची जबाबदारी दिली. तो माणूस करार संपला म्हणून जात नाही, कारण त्याचा करारच नसतो. पुढे २०१८ पासून हायटेक शाळांसाठी ४५,००० वर्गांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर गेले तेही मुक्त सॉफ्टवेअर घेऊनच. शेजारच्या तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना लाखो लॅपटॉप फुकट वाटले. त्यात विंडोज होतं आणि सी-डॅकने तयार केलेलं 'बॉस' लिनक्सही. दोन्ही समोर असताना मूल कुठलं उघडणार? जे त्याच्या शिक्षकाला येतं ते.

तर अण्णांना मी जे उत्तर द्यायला हवं होतं ते हे. बंद सॉफ्टवेअरमध्ये कुलपाची किल्ली गावात कधी येणारच नसते. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ती येऊ शकते. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे. मात्र किल्ली येऊन उपयोग नाही, ती कोणाच्या तरी हातात पडावी लागते आणि तो हात गावातच राहणारा हवा. आम्ही लिनक्सवाले वर्षानुवर्षं किमतीवर भांडत राहिलो. मायक्रोसॉफ्टने किंमत तीन डॉलरवर आणून तो मुद्दा एका दिवसात संपवला. आपण भांडायला हवं होतं ते सहाव्या वर्षावर.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. ज्या शाळांना गेल्या दहा वर्षांत कोणी ना कोणी संगणक दिलेत त्यांतले कित्येक या चाळणीतून खाली पडणार. चांगली चालणारी यंत्रं, आणि पुन्हा तीच प्लॅस्टिकची आवरणं.

*

आमच्या शाळेचं पुढे काय झालं? सिनेमासारखं काही झालं नाही. लुबुंटूवर जुना प्रिंटर चालेना, त्यासाठी मी फोनवरून दोन रविवार घालवले. (शेवटी प्रिंटरच बदलला.) एका शिक्षकांना ते अजिबात आवडलं नाही, ते आपला लॅपटॉप घेऊन येत. पावसाळ्यात एक मशीन गेलं, पुढच्या वर्षी आणखी एक.

पण ज्या बाई रोज एसटीने रत्नागिरीत जात होत्या, त्यांनी मला त्याच गणपतीत विसर्जनाच्या आदल्या दिवशी एक प्रश्न विचारला. "सर, हे तुम्ही गेल्यावर बिघडलं तर परत टाकायचं कसं, ते मला दाखवाल का?"

मला कोणी सर म्हणत नाही, त्यामुळे आधी मागे वळून बघितलं. मग आम्ही एक मशीन मुद्दाम पूर्ण पुसलं आणि त्यांनी स्वतः पेन ड्राइव्हवरून लुबुंटू चढवलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा जमलं. नववीतल्या दोन मुली शेजारी उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्या मशीनला बाई खुर्चीवरून उठल्या आणि त्या दोघींना बसवलं.

निघताना हेडसरांनी शाळेची जडवस्तू नोंदवही काढली. बाकं, कपाटं, घंटा, नकाशे आणि दहा संगणक, सगळं त्यात क्रमाने लिहिलेलं. बाईंनी शेवटच्या पानावर पेनाने पासवर्ड लिहिला आणि खाली तारीख घातली. एक सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून मला ओरडायला हवं होतं की पासवर्ड असा वहीत लिहितात का! ओरडलो नाही.

गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा कळलं, बाईंची बदली कधीच झाली. मशीन्सही बदललीत. त्या वहीच्या शेवटच्या पानावर जुन्या पासवर्डवर काट मारून खाली नवीन लिहिलाय. अक्षर कोणाचं आहे ते मी ओळखलं नाही.